जपणं वेगळं, पुढं लिहिणं वेगळं

१३ मे २००५ रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक: एंटरप्राइज’ या मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. चार पर्वं आणि ९८ भाग चाललेली ही मालिका होती. कॅप्टन आर्चर आणि त्याचे सहकारी माणसाच्या पहिल्यावहिल्या दूरच्या अवकाशप्रवासाला निघालेले, आणि वेगवेगळ्या ग्रहांवरच्या समाजांचा एक संघ उभा राहणं हे त्या सगळ्या खटाटोपाचं फळ. शेवटच्या भागात त्या संघाची सनद होणार होती आणि आर्चर त्या समारंभात बोलणार होता. प्रत्यक्षात पडद्यावर दिसले ते अकरा वर्षांपूर्वी संपलेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतले रायकर आणि ट्रॉय. होलोडेक नावाच्या, हवा तो देखावा हुबेहूब उभा करणाऱ्या खोलीत बसून ते दोघं आर्चरच्या जहाजाचा इतिहास बघत होते. आर्चर व्यासपीठावर जातो, बोलायला उभा राहतो आणि तेवढ्यात रायकर संगणकाला कार्यक्रम बंद करायला सांगतो. चार वर्षं ज्या भाषणाकडे मालिका निघाली होती ते भाषण प्रेक्षकाच्या कानावर पडतच नाही. निर्मात्यांनी हा भाग जुन्या चाहत्यांना द्यायची प्रेमाची भेट म्हणून लिहिला होता. चाहत्यांनीच तो सर्वांत जास्त झोडपला. त्यानंतर छोट्या पडद्यावर ‘स्टार ट्रेक’ परतायला बारा वर्षं लागली.

ही एक फसलेली कथा म्हणून सोडून देता येत नाही, कारण अशा दीर्घायुषी विज्ञानमालिकांपुढे आज हाच प्रश्न रोज उभा असतो. ‘स्टार ट्रेक’ १९६६ची, ‘डॉक्टर हू’ १९६३ची. आजोबांनी पाहिलेली मालिका नातवंडं पाहतात. भारतात दूरदर्शननं १९८०च्या दशकात मूळ ‘स्टार ट्रेक’ दाखवली, त्यामुळे आपल्याकडच्याही एका पिढीला मिस्टर स्पॉकचे कान ठाऊक आहेत. एवढं आयुष्य लाभलेल्या मालिकेच्या मागं आठवणींचा ढीग साचतो आणि दर नव्या लेखकाला ठरवावं लागतं की या ढिगाचं करायचं काय. चर्चा बहुधा दोन टोकांना बांधलेली असते. एक बाजू म्हणते, जुनं तेच खरं, नव्यांनी वाट लावली. दुसरी म्हणते, स्मरणरंजन हा आळस आहे, सगळं मोडून नव्यानं मांडा. माझं म्हणणं असं की हा झगडा चुकीच्या जागी लढला जातो. जुनं जसंच्या तसं जपणं हे एक काम आहे आणि जुन्याच्या आधारानं पुढं लिहिणं हे दुसरं. दोन्ही कामं मोलाची आहेत. मालिका बिघडते ती या दोहोंची सरमिसळ झाल्यावर.

हा भेद समजून घ्यायला हॉलिवूडला जायची गरज नाही, गोदावरीच्या खोऱ्यातच त्याचा उत्तम नमुना आहे. ज्ञानेश्वरी १२९०मधली. पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्या पोथ्यांत पाठभेद शिरले, कुणी आपल्या पदरच्या ओव्याही घुसडल्या. पैठणच्या एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून १५८४मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या ग्रंथात कुणी स्वतःची ओवी घालू नये, असं बजावून ठेवलं. हेच एकनाथ स्वतः मोठे कवी होते. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी अठरा हजारांवर ओव्या आधीच लिहिल्या होत्या. ज्याच्या लेखणीला इतकं सुचत होतं, त्यानं ज्ञानेश्वरीचं काम हाती घेतल्यावर ती लेखणी बाजूला ठेवली. आणि स्वतःचं लिहिताना मात्र ज्ञानेश्वरांची नक्कल केली नाही. जपायचं तेव्हा अक्षरही हलू द्यायचं नाही आणि लिहायचं तेव्हा स्वतःचं लिहायचं, ही शिस्त त्यांनी पाळली.

त्यांचेच समकालीन दासोपंत, बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे. त्यांनी दुसरी वाट घेतली. गीतेचे श्लोक तेच सातशे, ज्यांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या लिहिल्या होत्या. दासोपंतांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो आणि गीतेवर त्यांनी एवढ्यावरच न थांबता आणखीही टीका लिहिली. शिवाय त्यांची पासोडी आहे: सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर पंचीकरणासारखा वेदान्तातला अवघड विषय ओव्या आणि आकृत्यांतून मांडलेला. अंबाजोगाईत जतन झालेलं हे वस्त्र नुसतं डोळ्यांसमोर आणलं तरी कळतं की परंपरेत राहूनही माणूस केवढी नवी वस्तू घडवू शकतो. विषय जुना, परिभाषा जुनी, छंदही जुनाच. पण पोथीच्या पानात न मावणारा पट एका नजरेत दाखवायचा तर कापड घ्यावं, ही कल्पना त्यांची स्वतःची. आधीच्याची आठवण काढून श्रोत्याला खूश करणं हा त्यामागचा हेतू दिसत नाही. आधीच्यांनी जिथवर आणून सोडलं तिथून आपल्याला काय सांगायचं आहे, हा हेतू दिसतो.

आता हीच दोन कामं टेलिव्हिजनवर तपासून पाहू. जपण्याच्या बाबतीत या धंद्याची कामगिरी लाजिरवाणी आहे. बीबीसीनं १९६० आणि ७०च्या दशकांत जागा आणि टेप वाचवण्यासाठी जुने कार्यक्रम पुसून टाकले. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग आजही हरवलेले आहेत. त्यांत १९६६च्या ‘द टेन्थ प्लॅनेट’ कथेचा शेवटचा भागही आहे. या भागाचं महत्त्व असं की मुख्य नट विल्यम हार्टनेल आजारपणामुळे काम सोडणार होते, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी लेखकांनी त्यांच्या पात्राचं शरीरच बदलून टाकलं. म्हातारा डॉक्टर जमिनीवर कोसळतो, चेहरा उजळतो, आणि त्या जागी दुसराच माणूस उठतो. त्या बदलाचे काही क्षण दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरले गेले होते म्हणून तेवढे वाचले, बाकीचा भाग गेला. साठ वर्षं ही मालिका जी युक्ती वापरून जगली, तिचा जन्म झालेला भागच संग्रही नाही. म्हणून जपणुकीला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. जुन्या चाहत्यांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या आवाजाच्या टेप नसत्या, तर त्या हरवलेल्या भागांचे संवादसुद्धा आज आपल्याला ऐकायला मिळाले नसते.

जपण्याच्या नावाखाली हात फिरवणं हा दुसरा प्रकार. १९९७मध्ये जॉर्ज लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’चे पहिले तीन चित्रपट नव्या संगणकीय दृश्यांसह पुन्हा प्रदर्शित केले, प्रसंग बदलले, नवे प्राणी घातले. त्यानंतर मूळ रूपातले चित्रपट नीट स्वरूपात मिळणं अवघड होऊन बसलं. एकनाथांनी ज्या घुसडलेल्या ओव्या काढल्या, त्यांच्यात आणि यात फारसा फरक नाही, घालणारा स्वतःच मूळ लेखक आहे एवढाच. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेवरही २००६पासून असे संस्कार झाले, जहाजाची दृश्यं नव्यानं केली गेली. पण ब्लू-रे तबकडीवर जुनी आणि नवी दोन्ही रूपं ठेवली आणि कोणतं पाहायचं ते प्रेक्षकावर सोडलं. संपादकाची शिस्त म्हणतात ती हीच.

पुढं लिहिण्याच्या कामात मात्र आठवण कशी वापरावी याचा मला सापडलेला सर्वांत चांगला धडा ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या ऑक्टोबर १९९२मधल्या ‘रेलिक्स’ या भागात आहे. मूळ मालिकेतला अभियंता स्कॉटी पंचाहत्तर वर्षांनी एका कोसळलेल्या जहाजात सापडतो. माणसाला एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवणाऱ्या यंत्राच्या स्मृतीत त्यानं स्वतःला इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं असतं. तो बाहेर येतो तेव्हा त्याचं शरीर होतं तसंच आहे, पण जग पुढं गेलंय आणि त्याची विद्या जुनी झालीय. नव्या जहाजावर तो सगळ्यांच्या पायात येतो. खिन्न होऊन तो होलोडेकमध्ये जातो आणि आपल्या ‘एंटरप्राइज’चा नियंत्रणकक्ष उभा करायला सांगतो. संगणक विचारतो, या नावाची पाच जहाजं होऊन गेली, त्यातलं कुठलं? स्कॉटी वैतागून सांगतो, ते पहिलं. दार उघडतं आणि १९६०च्या दशकातला तो रंगीबेरंगी कक्ष समोर येतो. हा कक्ष प्रत्यक्षात उभारायला पैसे पुरणार नव्हते म्हणून रिकाम्या कक्षाचं दृश्य जुन्या भागातून उचललं होतं, आणि कप्तानाची खुर्ची एका चाहत्यानं स्वतःसाठी बनवलेली, ती भाड्यानं आणली होती. स्कॉटी तिथं पीत बसतो. नवा कप्तान पिकार्ड येतो, दोघं आपापल्या पहिल्या जहाजांबद्दल बोलतात. आणि मग स्कॉटी स्वतःहून तो देखावा बंद करायला सांगतो: आता वयाला शोभेलसं वागायला हवं. पुढच्या प्रसंगात तो, ज्या जहाजात सापडला त्याच मोडक्या जहाजाला तरुण अभियंत्यासोबत चालू करतो आणि पिकार्डचं जहाज वाचवतो.

या कथेत स्मरणरंजन भरपूर आहे. जुना नट आहे, जुना कक्ष आहे, डोळे पाणावतील अशी जुन्या यंत्रांची टिकटिक आहे. तरीही लेखकानं आठवणीला बक्षीस म्हणून वापरलेलं नाही, तिलाच कथेचा प्रश्न केलंय. जपून ठेवलेला माणूस जिवंत जगात काय कामाचा? उत्तरही प्रामाणिक आहे. त्याचा देखावा कामाचा नाही, पण त्याचं कसब कामाचं आहे, आणि तेही नव्या माणसाच्या हातात हात घालून. स्कॉटीचं नावही न ऐकलेल्या प्रेक्षकाला ही निवृत्त कारागिराची गोष्ट म्हणून पूर्ण कळते.

याच्या शेजारी २०२३मधलं ‘स्टार ट्रेक: पिकार्ड’चं तिसरं पर्व ठेवावं. दहा भागांच्या या पर्वात ‘नेक्स्ट जनरेशन’ची सगळी मंडळी पुन्हा जमली. त्यांच्या जहाजाचा नियंत्रणकक्ष गालिच्यासकट नव्यानं बांधला गेला. ‘रेलिक्स’मध्ये तरुण अभियंता होता तो जॉर्डी आता म्हातारा झालाय आणि आरमाराच्या संग्रहालयात वीस वर्षं खपून त्यानं ते जहाज दुरुस्त केलंय. समीक्षकांना आणि चाहत्यांना पर्व आवडलं, अगदी मनापासून आवडलं, हे मान्यच करायला हवं. नट अप्रतिम आहेत. पण कथानकाचा सांगाडा उघडा करून पाहा. शत्रू बोर्ग, तोही जुनाच. तो आरमारातल्या पंचवीस वर्षांखालच्या सगळ्यांचा ताबा घेतो. सारी तरुण पिढी एका झटक्यात शत्रूच्या बाजूला जाते आणि नवी जहाजं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे तीही हातची जातात. जग वाचवायला उरतात ती मुख्यतः साठीपुढची माणसं आणि संग्रहालयातलं जुनं जहाज. स्मरणरंजनाला जगाबद्दल जे वाटतं, तेच इथं कथानक होऊन बसलंय: नव्यांवर भरवसा नाही, जुने होते म्हणून वाचलो. ज्या मालिकेनं सदैव उद्याची कल्पना केली, तिच्यात उद्याची माणसं धोका आणि कालची माणसं उपाय ठरावीत, हे मला फार खटकतं.

संग्रहालयातलं जुनं जहाज वाचतं ही कल्पना त्याआधी वीस वर्षं ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’नं वापरली होती. १९७८ची ही मालिका २००३मध्ये नव्यानं आणली गेली. तिथंही गॅलॅक्टिका हे जुनाट लढाऊ जहाज निवृत्त होऊन संग्रहालय व्हायच्या बेतात असतं, त्यावर भेटवस्तूंचं दुकानसुद्धा लागलेलं असतं, आणि त्याचे संगणक एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे शत्रूच्या हल्ल्यातून तेवढं वाचतं. पण तिथून कथा मागं जात नाही. पन्नासेक हजार माणसं उरली आहेत, निवडणुका घ्यायच्या की लष्करानं कारभार करायचा, कैद्याला छळून माहिती काढायची का, शत्रूचा माणूस आपल्यासारखाच दिसत असेल तर त्याला माणूस म्हणायचं का? ११ सप्टेंबर २००१नंतरच्या अमेरिकेला भेडसावणारे हे प्रश्न होते आणि १९७८च्या मालिकेत ते नव्हते. स्टारबक हे लाडकं पुरुष पात्र नव्या मालिकेत स्त्री झालं, तेव्हा जुन्या चाहत्यांनी गहजब केला. आज त्याच पात्राशिवाय या मालिकेचा विचार करता येत नाही. २००५मध्ये ‘डॉक्टर हू’ परत आणताना रसेल टी. डेव्हिस यांनीही असंच धाडस केलं. डॉक्टरच्या जमातीला, टाइम लॉर्ड्सना, पडद्यामागंच नष्ट करून टाकलं आणि गोष्ट सुरू केली दुकानात काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या रोझपासून. प्रसिद्ध शत्रू डालेक सहाव्या भागापर्यंत येत नाही. येतो तेव्हा एकटा, एका धनाढ्याच्या भूमिगत संग्रहालयात साखळ्यांनी बांधलेला, आणि जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकाला त्याची कीव येते.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की प्रेक्षकाला आनंद होत असेल तर समीक्षकानं मध्ये तोंड का घालावं? माणसाच्या ठळक आठवणी साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षाच्या दरम्यानच्या असतात, असं मानसशास्त्राच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. त्या वयात पाहिलेली मालिका आपल्या घडणीचा भाग होते आणि ती पुन्हा भेटली की उमाळा येणं स्वाभाविक आहे. त्या उमाळ्याला नावं ठेवणं क्रूरपणा ठरेल. पण या आनंदाचा साठा मर्यादित आहे. जुनं पात्र पुन्हा भेटल्याचा हर्ष एकदाच तीव्र असतो, दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्या वेळी सवयीचा. आणि आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलीला तो मिळूच शकत नाही, कारण तिच्याकडे ती आठवण नाही. तिला स्वतःची आठवण कुणी द्यायची? १९८७मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ सुरू करताना ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांनी जुन्या मंडळींना जवळजवळ बाहेरच ठेवलं, पहिल्या भागात म्हाताऱ्या डॉक्टर मॅकॉयचं एक छोटं दृश्य तेवढं आहे, आणि तिथंही त्याचं नाव घेतलेलं नाही. २०२३मध्ये ज्या मंडळींना पाहून लोक रडले, ती मंडळी त्या १९८७च्या धाडसामुळेच अस्तित्वात होती. आजच्या निर्मात्यांनी ते धाडस केलं नाही, तर २०६०मध्ये कुणाला पाहून कोण रडणार आहे?

दुसरा आक्षेप पैशांचा. ओळखीच्या नावाशिवाय एवढ्या खर्चाची मालिका कुणी काढणार नाही. हे खरं आहे. डिस्नेनं २०१२मध्ये लुकासफिल्म विकत घेतली ती सुमारे चार अब्ज डॉलरना, आणि एवढी रक्कम यंत्रसामग्रीसाठी कुणी मोजत नाही, लोकांच्या ओळखीसाठी मोजतो. पण नाव विकतं म्हणून आतला मालही जुनाच हवा, असं ठरत नाही. त्याच डिस्नेकडून २०२२ ते २०२५ या काळात आलेली ‘अँडोर’ पाहा. दोन पर्वांचे २४ भाग, त्यांत एकही जेडाय योद्धा नाही, लखलखत्या तलवारी नाहीत. हुकूमशाही कारकुनीतून कशी चालते आणि साधा माणूस बंडखोर कसा होतो, एवढंच. नाव ‘स्टार वॉर्स’चं, गोष्ट स्वतःची. शिवाय ‘स्टार ट्रेक’ची ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही मालिका आहे. १९६५मध्ये वाहिनीनं नाकारलेल्या पहिल्या नमुना भागातला कॅप्टन पाइक हा तिचा नायक. तो भीषण अपघातात कायमचा पंगू होणार हे १९६६पासून सर्वांना माहीत आहे, आणि नव्या मालिकेत ते खुद्द पाइकलाही माहीत असतं. भविष्य ठाऊक असलेला माणूस आज कसा जगेल? जुन्या तपशिलातून इतका मोठा मानवी प्रश्न उपजतो, तेव्हा आठवण आणि नवेपणा यांत वैर उरत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या उदाहरणावरच घेता येईल: गीता हा पूज्य ग्रंथ, त्यावरच्या टीकेची करमणुकीच्या धंद्याशी तुलना कशी? श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला तरी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो मालकीचा आहे. गीतेवर लिहायला दासोपंतांना कुणाचा परवाना लागला नाही. ज्ञानेश्वर, वामनपंडित, दासोपंत, प्रत्येकानं आपापल्या बुद्धीनं लिहिलं आणि निवड लोकांनी केली. ‘स्टार ट्रेक’वर एकाच कंपनीचा हक्क आहे. चाहत्यांनी स्वतःच्या पैशानं बनवलेल्या लघुपटांसाठीही २०१६मध्ये मालकांनी नियम काढले: एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत अर्ध्या तासाची. एकच मालक असला की तो चुकायला घाबरतो आणि खात्रीचं तेवढं पुन्हा पुन्हा वाढतो. दीर्घ मालिकांतल्या साचलेपणाचा दोष लेखकांच्या प्रतिभेवर जितका टाकला जातो, त्याहून तो या व्यवस्थेवर जास्त टाकायला हवा. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७मध्ये चित्रपटात आला, तेव्हा तो मोठा झाला होता आणि परीक्षांतल्या गैरव्यवहाराच्या मागावर होता. अशी मोकळीक परदेशातल्या बड्या मालिकांना क्वचितच मिळते.

मग नवा भाग चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? त्याची कसोटी मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातच आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून केलेलं नाव. ते तेव्हा जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. नावानिशी पाठवली असती तर परीक्षकांना ती कथा म्हणून वाचता आलीच नसती. पहिलं बक्षीस नाव झाकून मिळालं. प्रत्येक नव्या पर्वाला हेच लावून पाहावं. जहाजाचं नाव झाका, नटांच्या जुन्या भूमिका विसरा, परिचित सूर बंद करा, आणि उरलेली गोष्ट सांगा. ‘रेलिक्स’ उरते. ‘बॅटलस्टार’ उरते. ‘एंटरप्राइज’च्या शेवटच्या भागातून नाव काढलं तर ऐकू न आलेलं एक भाषण उरतं.

नारळीकरांनी स्मरणरंजनाची मराठी दुखरी जागाही नेमकी ओळखली होती. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका समांतर जगात पोचतात जिथं विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून गेली, आणि १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकली. एवढ्यावर थांबली असती तर ही स्वप्नरंजनाची कथा झाली असती. पण पंत त्या जगातल्या एका सभेत रिकामी खुर्ची पाहून सवयीनं अध्यक्षस्थानी बसायला जातात, आणि तिथल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांची पद्धतच टाकून दिलेली असल्यामुळे श्रोते त्यांना हुसकावून लावतात. पानिपत जिंकलेल्या जगाला जुन्या सवयींचा माणूस नकोसा होतो. आपल्या सर्वांत मोठ्या ऐतिहासिक हुरहुरीला नारळीकरांनी कुरवाळलं नाही, तिच्यातून एक भौतिकशास्त्राचा आणि एक समाजाचा प्रश्न काढला.

तरीही मराठी कल्पनाशक्ती पानिपतापाशी फार घुटमळते. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, आजच्या बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला गोदाकाठी निजामाची फौज हरली. पूर आलेल्या गोदावरीनं ती फौज दुभंगली होती. निजाम पैलतीरावर आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर ऐलतीरावर राहिला, आणि माधवराव पेशव्यांच्या सैन्याशी लढताना तो दिवाण मारला गेला. पानिपतात सगळं संपलं नव्हतं याचा हा पुरावा, आणि गोळी कानाजवळून जाण्याइतकाच नाजूक योगायोगही. पाणी एक दिवस आधी ओसरलं असतं तर? निजामाचं राज्य, ज्यात हा जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत होता, त्याचा नकाशा कसा दिसला असता? गंगाधरपंतांना पुन्हा प्रवासाला पाठवू नका, त्यांचा प्रवास पूर्ण झालाय. नव्या माणसाला, नव्या प्रश्नासह गोदावरीच्या त्या पुरात उतरवा. बीडच्या, गेवराईच्या, अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतून लिहू पाहणाऱ्या मुलामुलींनी ही कथा लिहावी, आणि स्पर्धेला पाठवताना टोपणनावानं पाठवावी.